गंजलेल्या फ्लॉप्या

"डॉक्टरनं आज मले पुन्हा इचारलं, पोरं किती म्हणून," बाकावरची बाई शेजारणीच्या कानाशी लागून कुरकुरली. "अवो, चौथं पोरगं आडवं होतं तं यायनंच काढलं ना! अन् आता इचारून राहिले, पोरं किती!"

"चूप राय ना वो," शेजारीण म्हणाली. "जिल्ह्यातले अर्धे पोरं त्यायनं काढले. कोणाकोणाचं ध्यानात ठेवन तो माणूस?"

त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून बसलेल्या सत्यभामाबाईंनी डोळे मिटले होते. कान उघडे होते.

भंडाऱ्यात 'खाजगी चौकशी' अशी पाटी त्यांच्या यजमानांनी लावली होती. रामभाऊ गेले तेव्हा पाटी उतरवायला कुणी शिडी आणून दिली नाही, म्हणून मी धंदाच चालू ठेवला, असं त्या सांगत. सोबतीला दीर मारोतराव असत. त्यांची उभी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून झालेली. गोष्ट त्यांना कळायची, पण पुढच्या स्टॉपावर.

लाखनीजवळच्या, सडकेला लागून असलेल्या या धर्मादाय दवाखान्यात दोघं सकाळच्या गाडीनं आले होते. सन अठ्ठ्याऐंशीचा भादवा. उकाडा असा की भिंतसुद्धा ओली लागत होती.

"आल्या का जी, बाई? चला, आत चला." उषाबाई दाराशी आल्या. पस्तिशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती पातळातल्या, आणि रात्रभर न झोपलेल्या. दवाखान्याचा कॉम्प्युटर त्याच चालवत.

कॉम्प्युटर छोट्या खोलीत होता. त्यावर रेडिओवर घालतात तसं भरतकामाचं कापड घातलेलं.

"काल भंडाऱ्याला आलात तेव्हा बस चुकेल म्हणून घाईत होतात," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता सगळं परत सांगा. आमच्या भाऊजींना सुरुवातीपासून लागतं."

उषाबाईंनी सांगितलं. डॉक्टर मधुकरराव निंबार्ते गावोगाव हिंडून लेकरांचं रक्त तपासत आले होते. सिकलसेलसाठी. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मूल तडफडतं, आणि आधी ठाऊक असेल तर पुष्कळदा वाचवता येतं. चार वर्षांच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाऊन टाकल्या होत्या, तेव्हा उरलेल्यांवरून नागपूरच्या एका दात्यानं दिलेल्या कॉम्प्युटरवर सगळं चढवलं. मागल्या आठवड्यात वीज कडाडली आणि मशीनच्या पोटातली मोठी तबकडी जळाली.

"पण नक्कल होती ना?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"होती तं! दर शनिवारी मी फ्लॉप्यांवर उतरवून घेत होती. मशीनपासून दूर, या कपाटात ठेवत होती. मशीन गेलं तरी त्या राहाव्या म्हणून. वीज पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तर डबाच नाही."

"कुलूप?"

"लागलेलं होतं."

"किल्ली?"

"माझ्यापाशी. एकच आहे." उषाबाईंनी कमरेची किल्ली काढून दाखवली. तिला हिरवा दोरा बांधलेला होता.

"मग तुम्हीच नेल्या," मारोतराव म्हणाले. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त सरळ होता.

"आमचे चिटणीस भय्याजीबी तेच म्हणतात," उषाबाई शांतपणे म्हणाल्या. "आज संध्याकाळी माझ्या नावानं पोलिसात देणार आहेत. नोकरी तं गेलीच. पण लाखनीत मंग मान वर करून कशी चालू?"

"तुमचा संशय कुणावर?"

"कालच सांगितलं ना जी, मले चोर नको. फ्लॉप्या पाहिजे. कोणी नेल्या ते नाही शोधलं तरी चालन."

बाहेर पडल्यावर मारोतराव म्हणाले, "वहिनी, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. चोर नको म्हणते!"

"मीही नाही पाहिलं, भाऊजी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्हणून तर आले."

भय्याजी दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि टेबलावर पोलिसांसाठी लिहून तयार असलेला अर्ज.

"उषाबाईवर माझा राग नाही," ते म्हणाले. "पण फ्लॉप्या तिच्या ताब्यात होत्या. त्या खराब झाल्या, तिनं भीतीनं फेकून दिल्या. सरळ गोष्ट आहे."

"खराब झाल्या हे कुणी सांगितलं?"

"इंजिनिअरनं. आपटेसाहेब आहेत ना बाहेर." भय्याजींनी आवाज उतरवला. "एक विनंती आहे, बाई. डॉक्टरांना यात ओढू नका. त्यांना काही विचारू नका. माझी आई कॉलऱ्यात गेलीच होती, त्यांनी ओढून आणली. त्यांना कशाचाही त्रास नको."

"उषाबाईला झाला तर?"

भय्याजींनी अर्जावरचा पेपरवेट उगाच हलवला.

आपटे व्हरांड्यात बसून रुमालानं मान पुसत होते. मूळ पुण्याचे, कंपनीनं नागपूरला टाकलेले, आणि नागपूरच्या उन्हाबद्दल कंपनीला अजून क्षमा न केलेले.

"मी नवी तबकडी बसवलीय," ते म्हणाले. "फ्लॉप्या मिळाल्या तर तासाभरात सगळं परत येईल. पण मिळून उपयोग काय? गंजल्यात ना."

"प्लॅस्टिकच्या वस्तू गंजतात?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"तेच तर! मलाही नवल वाटलं. आत लोखंडाच्या भुकटीचा थर असतो, पण तो थर म्हणजेच एका परीनं गंज. गंजाला आणखी काय गंज चढणार? पण इथली हवा पाहिली, म्हटलं असेल बुवा."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"वीज पडली त्या रात्री, मशीन जळाल्याचा निरोप मिळाल्यावर, मी नागपूरहून ट्रंककॉल लावला होता. कुणी पुरुषमाणूस बोलला. शिपाई असावा. मी नाव सांगितलं तरी ओळखलं नाही, आणि मशीन बसवताना मी आठवडाभर इथं जेवलोय हो, डॉक्टरांच्या पंगतीला! विचारलं, नकला ठीक आहेत ना? तर म्हणाला, 'त्या गंजात गेल्यात, काळजी करू नका.' आता गंजल्यावर काळजी कशी करू नको? वर हसला."

"नक्की असंच म्हणाला? गंजात गेल्यात?"

"असंच काहीतरी. लाईन खरखरत होती."

"मशीन बसवताना फ्लॉप्यांबद्दल काय बजावलं होतं तुम्ही?"

"नेहमीचंच. लोहचुंबक जवळ नको, धूळ नको, आणि मुख्य म्हणजे ओल नको. पावसाळ्यात कोरड्यात ठेवा म्हटलं होतं. डॉक्टरांनाही, उषाबाईंनाही."

सत्यभामाबाईंनी मान डोलावली आणि एकदम विचारलं, "भाऊजी, भूक लागली का?"

हा प्रश्न मारोतरावांना आयुष्यात कधी अवघड गेला नव्हता.

पेशंटांच्या स्वयंपाकघरात सीताबाई मोठ्या परातीत भात पसरत होत्या. हात कोपरापर्यंत पिठाचे, जीभ मात्र मोकळी.

"बसा जी, बसा. मोठं धान आहे, गिळाले जड जाईन. चांगला बारीक चिन्नोर तांदूळ आहे, पण आपल्या नशिबी नाई."

"का बरं?"

"कोठीत चिन्नोराचा गंज भरून ठेवला आहे डॉक्टरच्या बाईनं. कोण्या पेशंटनं आणून देल्ला, फीच्या जागी. आठ-दहा दिवस झाले, पावसाची झड लागली तवा डॉक्टर म्हणे, त्या गंजाले कोणी हात लावू नका. बरं. परवा म्या इचारलं, काहून जी डॉक्टर, अजून किती दिवस? तं हासले अन् म्हणे, म्या कवा मना केलं?" सीताबाईंनी झारा उगाच आपटला. "मंग बाई म्हणे, मना केलं म्हंजे मना. झालं. घ्या, वरण घ्या."

"या डब्यांवर नावं नाहीत. तिखट कुठलं, हळद कुठली, कळतं कसं?"

"वासानं! मले अक्षर कुठं येते? कागद दाखवला तं उलटा धरन मी."

"फ्लॉप्या पाहिल्या होत्या कधी?"

"ते काळे पापड? उषाबाई जपे लेकरावानी." सीताबाईंचा आवाज मऊ झाला. "तिनं नाई नेले, बाई. पण कोणी नेले ते मले इचारू नका. माया नवरा झाडावरून पडला तं डॉक्टर सायकलनं जंगलात आले होते. मले काही ठाऊक नाई."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन दोघं दवाखान्यामागच्या घराकडे निघाले. डॉक्टरांच्या पत्नी कौशल्याबाई दारातच होत्या. बैठकीत कोपऱ्यात काळा फोन होता.

"दवाखान्याला वेगळा फोन नाही?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नाही हो. सारं इथंच येते."

"रात्री कोण उचलतं?"

"जो जागा असन तो," कौशल्याबाई पटकन म्हणाल्या.

"घरात कोण कोण?"

"आम्ही दोघंच."

चहासाठी त्यांनी स्वयंपाकघरात नेलं. फळीवर डबे ओळीनं, आणि प्रत्येकावर ठळक अक्षरात चिठ्ठी. साखर. मीठ. पोहे. बटणाच्या पाटीवरसुद्धा: पंखा, दिवा. मागच्या दारावर: कडी लावणे.

"सुंदर अक्षर आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सीताबाई कधी मदतीले येते. तिले सोपं जावं म्हणून," कौशल्याबाईंनी सांगितलं आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

तेवढ्यात डॉक्टर मधुकरराव आले. उंच, वाकलेले, चेहऱ्यावर असं हसू की समोरच्याचं अर्धं दुखणं जावं. मारोतराव खोकले, तर त्यांनी लगेच खिशातून किल्ल्यांचा झुबका काढून औषधाचा खण उघडला आणि गोळी काढून दिली. झुबक्यातल्या एका किल्लीला हिरवा दोरा होता.

मग ते सत्यभामाबाईंकडे वळले. क्षणभर पाहत राहिले, आणि चेहरा उजळला.

"वहिनी! किती दिवसांनी! रामभाऊ कसा आहे? त्याले म्हणा, सिगारेट सोडली नाही तं पाहतो मी."

रामभाऊ याच दवाखान्यात गेले होते. शेवटचे दिवस डॉक्टर त्यांच्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसत.

"बरे आहेत जी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सांगते त्यांना."

अंगणात आल्यावर मारोतराव थबकले. "वहिनी, दादा तर..."

"चला, भाऊजी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "सगळ्यांना बैठकीत बोलवा. भय्याजींना म्हणा, अर्ज सोबत आणा."

दिवेलागणीला बैठक भरली. डॉक्टर आपल्या खुर्चीत, कौशल्याबाई त्यांच्या मागे उभ्या. भय्याजी अर्ज घेऊन, आपटे घड्याळ बघत, उषाबाई आणि सीताबाई दाराशी.

"आपटेसाहेब," सत्यभामाबाईंनी सुरुवात केली, "पुण्याला तुमच्या घरी भात कशात शिजतो?"

"पातेल्यात," आपटे बुचकळ्यात पडून म्हणाले. "का?"

"आमच्याकडे गंजात शिजतो."

मग सीताबाई फिस्सकन हसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"गंज म्हणजे...?" आपट्यांनी विचारलं.

"भांडं, साहेब. इकडे पातेल्याला गंज म्हणतात. तुम्हाला फोनवर कुणी सांगितलं नाही की फ्लॉप्या गंजल्या. सांगितलं की त्या गंजात गेल्या, भांड्यात सुखरूप आहेत, म्हणून काळजी करू नका. तुम्ही ते पुण्याच्या कानानं ऐकलं, आणि भय्याजींना 'गंजल्या' एवढंच सांगितलं. पुढचं 'काळजी करू नका' वाटेत सांडलं. गंजल्या म्हणजे उषाबाईनं हयगय केली, कपाटात नाहीत म्हणजे फेकून दिल्या. एका शब्दावर अख्खी तक्रार उभी राहिली."

"पण भांड्यात कशाला ठेवील कोणी?" भय्याजी म्हणाले.

"साहेबांनी बजावलं होतं, पावसाळ्यात कोरड्यात ठेवा. ओल लागू नये अशी वस्तू आपल्याकडे कशात खुपसतात? तांदळात. आणि या घरात तांदळाचा एक गंज असा आहे, ज्याला पावसाची झड लागल्यापासून हात लावायची मनाई आहे. पेशंट जाडा भात खातात आणि चिन्नोर कोठीत बसून असतो. सीताबाई, जा, बघा."

सीताबाई धावत कोठीत गेल्या. सगळे मागोमाग. त्यांनी गंजाचं फडकं सोडलं, हात कोपरापर्यंत तांदळात घातला, आणि चिन्नोराचा वास खोलीभर झाला. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक्स-रेच्या पिशवीत गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधलेला डबा होता.

"काळे पापड!" सीताबाई ओरडल्या.

आपट्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. कॉम्प्युटरच्या खोलीत ते एकेक फ्लॉपी सरकवत गेले. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. मग हिरवी अक्षरं वर सरकू लागली. लेकरांची नावं, गावांची नावं. आपटे म्हणाले, "एकही खराब नाही. आमच्या एअरकंडिशन गोदामात इतक्या चांगल्या राहत नाहीत." उषाबाईंनी पडद्याला दोन बोटं लावून नमस्कार केला आणि तिथंच रडू लागल्या. भय्याजींनी अर्ज फाडून खिशात घातला.

सगळे बैठकीत परतले. चहा झाला. उठायला हरकत नव्हती. पण मारोतराव आताच स्टॉपावर पोचले होते.

"पण वहिनी," ते म्हणाले, "ठेवल्या कुणी?"

"म्या," सीताबाई ताडकन म्हणाल्या.

"तुम्हाला कपाटाची किल्ली कुणी दिली?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "आणि फोनवर पुरुषाच्या आवाजात बोललात?"

"सर्दी झाली होती."

"मी ठेवल्या," उषाबाई म्हणाल्या. "विसरूनच गेली होती."

"तुम्हाला आठवत असतं तर मला भंडाऱ्याहून बोलावलं नसतं. किल्ली एकच आहे असंही तुम्ही सांगितलंत. दुसरी आहे. तिलाही हिरवाच दोरा आहे. ती कुणाकडे आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर 'चोर नको' म्हणालात. नोकरी, अब्रू, सगळं सोडायला निघाला होतात."

"मी ठेवल्या," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या आता खाली बघत होत्या.

"वहिनी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या सीताबाईंसाठी आहेत म्हणालात. सीताबाईंना अक्षर येत नाही. घरात तुम्ही दोघंच. फोन या खोलीत. बोलला तो पुरुष. आठवडाभर पंगतीला बसलेल्या माणसाचं नाव ऐकूनही त्याला ओळख लागली नाही. पण वस्तू कुठं ठेवली ते त्या घडीला नेमकं आठवलं, आणि सकाळी तेही गेलं."

"पुरे करा, बाई," भय्याजी घाईनं म्हणाले. "वस्तू मिळाली. उषाबाईची मी माफी मागतो, पायावर डोकं ठेवतो. पण पुढं नको."

"तुम्हालाही ठाऊक होतं, भय्याजी. अर्जाची घाई त्यासाठीच होती. चौकशी उषाबाईपाशी संपली, की या घरापर्यंत येणार नाही."

"तुम्ही तरी सांगितलं का?" भय्याजींचा आवाज चिरकला. "दुपारी त्यांनी तुम्हाला रामभाऊंचं विचारलं. कौशल्याबाईंनी सांगितलं मला. तुम्ही काय म्हणालात?"

इतकी कारणं ओळीनं मांडणाऱ्या बाईला पुढचं एक वाक्य म्हणता येईना. खोलीत बहुतेकांना तेच वाक्य ठाऊक होतं. आणि प्रत्येकाजवळ ते न बोलण्याचं एकेक कारण होतं: कुणाची आई, कुणाचा नवरा, आणि बाहेर बाकावर कुणाचं चौथं पोर.

"रामभाऊ गेला ना?" डॉक्टरांनी विचारलं.

ते केव्हापासून ऐकत होते कुणास ठाऊक. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण भीतीही नव्हती.

"गेले जी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातात हात होता त्यांचा."

डॉक्टरांनी मान हलवली. कौशल्याबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी धरून ठेवला.

"मागं एका लेकराले नुकतंच देल्लेलं इंजेक्शन मी पुन्हा भरून घेतलं होतं," ते सावकाश म्हणाले. "उषा धावत आली. म्हणे, डॉक्टर, नागपूरचा फोन आहे. मी इथवर आलो. फोन नव्हताच. तवाच मले कळलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तेबी गेलं. आज परत आठवलं." त्यांनी एकेकाकडे पाहिलं, नीट, ओळखून. "तुम्ही साऱ्यायनं मले लेकरावानी सांभाळलं. लय उपकार झाले. एवढं प्रेम कोण्या डॉक्टरले भेटलं नसन. पण मी चुकलो तं त्या लेकरायले कोण सांभाळन?"

"डॉक्टर, नका बोलू," उषाबाई म्हणाल्या.

"बोलू दे वो. सकाळी ध्यानात राहीन का नाही, भरवसा नाही." ते भय्याजींकडे वळले. "मी विसरून राहिलो, भय्याजी. उद्यापासून मले पेशंट देऊ नका."